बाकीच्या सहाजणी

सोजरबाईंनी गाणं ऐकलं आणि ते आपलं नाही असं सांगून टाकलं. सांगितलं सुनेकरवी, आणि सुनेनं, म्हणजे नंदानं, व्हॉट्सॲपवर, सत्तावीस सेकंदांत. मी तो निरोप दारातच ऐकला, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात फोन. "ताई, आत्याबाईंनी दोन डाव ऐकलं. त्या म्हनत्यात, ह्यात समद्या जागंवर मीच गातीया. बाकीच्या कुठं गेल्या? ह्ये आमचं गानं न्हाई, म्हनत्यात. तेवढं बघा." मागे कोंबडी ओरडली, कुणीतरी बादली खाली ठेवली. नंदा बटण सोडायला विसरली असावी, कारण पुढचे चार सेकंद त्यात काहीच नव्हतं. हे चार सेकंद मी मोजले नाहीत, मला ते मोजावे लागत नाहीत. रिकामी जागा आली की हात आपोआप कापायला जातो, वीस वर्षांची खोड आहे. सोमवार होता, आणि शुक्रवारी अल्बम बाहेर पडणार होता.

माझं काम आवाज साफ करण्याचं. लोक गातात, भाषणं देतात, पुस्तकं वाचून दाखवतात. त्यातले खोकले, श्वास, खुर्चीची करकर आणि लांबलेल्या चुपक्या मी काढून टाकते. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्यात, खिडकीला जुनी गादी लावली आहे, आणि तिथे मी दिवसभर हेडफोन घालून बसते. कान अब्बांकडून आला. नारायण पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि घड्याळ उघडायच्या आधी ते कानाशी धरून कुठलं चाक अडतंय ते सांगायचे. नवीन गिऱ्हाईक माझं नाव विचारतं, मी अर्शिया तांबोळी म्हणते, मग थोड्या वेळाने ते म्हणतं, तुमचं मराठी किती छान आहे हो. तुमचंही ठीक आहे, असं मी सांगते. पण काम हातात पडल्यावर सगळे एकच बोलतात, की अर्शियाकडून आलेल्या आवाजात नको ते काही शिल्लक राहत नाही. ही स्तुती आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

बाकीच्या कुठे गेल्या म्हणजे काय? बाकीच्या कुणी नव्हत्याच. मी स्वतः तिथे होते, मार्चमधल्या एका मंगळवारी, खडकवासल्याच्या बऱ्याच पुढे, जिथे उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि भेगाळलेला चिखल उघडा पडतो. काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरांचे. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी; खूश असल्या तर लेकरंबाळं राखतात, नसल्या तर पोहणाऱ्याचा पाय धरतात. सौरभला त्यांची गाणी हवी होती. सौरभ म्हणजे हिंजवडीत सहा वर्षं कोड लिहून कंटाळलेला, गिटार वाजवणारा, मनाने चांगला मुलगा. लोककथांमधल्या पऱ्या आणि आसरा यांच्यावर अल्बम करायचं त्याच्या डोक्यात होतं, नावही ठरलं होतं, 'सातजणी'. पहिल्या भेटीत मला म्हणाला, "ताई, आपल्याकडच्या फेअरीज." मी म्हटलं, आपल्याकडच्या फेअरीज माणसं बुडवतात. तो आणखीच खूश झाला. त्या दिवशी सोजरबाईंनी दगडांना हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभाताचे सात घास मांडले, आणि मग दगडांसमोर गोणपाटाचे सात तुकडे ओळीने अंथरले. तिसऱ्यावर त्या बसल्या. मला वाटलं, उरलेले आमच्यासाठी आहेत, खेड्यातली माणसं पाहुण्यांना जमिनीवर बसू देत नाहीत. सहाव्यावर सौरभ मांडी घालून बसला, दुसऱ्यावर मी, आणि चौथ्यावर, तो त्यांच्या तोंडाच्या जवळ पडत होता म्हणून, मी माइकचा स्टँड उभा केला. सोजरबाईंनी स्टँडकडे एकदा पाहिलं आणि हात लांब करून तो गोणपाटावरून खाली मातीत सरकवला. तो इंचभरही हलवू नका, असं मी त्यांना हातानेच सांगितलं.

मग त्या गप्प बसल्या. मशीन चालू होतं. दीड मिनिट होऊन गेलं तरी गप्प. सौरभने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. आणि एकदम त्यांनी सुरुवात केली: 'तिसरी आसरा गं बाई, हिरवा चुडा ल्याली, काठावरची पाखरं तिनं नावानं बोलावली.' आवाज पातळ, कडेला थोडा फाटलेला, पण सूर पक्का. कडवं संपलं आणि पुन्हा गप्प, पाच मिनिटांच्या आसपास. मग पुन्हा तेच कडवं. पुन्हा गप्प. "दमल्यात का? पाणी द्यायचं का?" सौरभ कुजबुजला. असं सात वेळा झालं. सात वेळा तेच कडवं, एकाच उंचीवर, एकाच चालीत. स्टुडिओत गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात, त्यातली चांगली आपण ठेवतो, बाकीच्या टाकतो. मी मनात म्हटलं, म्हातारी कसलेली आहे, सात टेक दिले, मध्ये दम खाल्ला, तक्रार नाही. सौरभने शेवटी विचारलं होतं, "आजी, बाकीची कडवी येत नाहीत का?" त्या म्हणाल्या, "माझं मला येतं." त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंस करून 'विस्मरण' असं लिहिलं.

घरी येऊन मी माझं काम केलं, आणि चोख केलं. गोंगाट काढायचा तर गोंगाट म्हणजे काय हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. जिथे कुणी गात नाही असा एक तुकडा त्याला ऐकवायचा, ते तो पाठ करतं आणि मग सबंध गाण्यातून तेवढं वजा करतं. सोजरबाईंनी मला असे तुकडे भरपूर दिले होते. मी त्यातला सगळ्यात शांत निवडला, पहिल्या कडव्याआधीचा, यंत्राला म्हटलं, हे ओळखून ठेव आणि कुठेही दिसलं तर काढ. त्याने काढलं. सातांतली तीन कडवी ठेवली, मधलं सगळं टाकलं, एकोणचाळीस मिनिटांचं चार मिनिटांत बसवलं. मग सौरभला कल्पना सुचली. आसरा सात, आवाज एक. तर त्याच आवाजाच्या सात प्रती करून थोड्या मागेपुढे पसरायच्या, म्हणजे सातजणी गातायत असं वाटेल. मीच त्या पसरल्या. एक डावीकडे, एक लांब, एक पाण्याच्या आत असल्यासारखी. ऐकून सौरभच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं होतं.

सोमवारी निरोप ऐकल्यावर त्याला मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्यांना लेयरिंग कळलं नसेल. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की सगळ्यांना विचित्रच वाटतं." मी म्हटलं, "त्यांना बरोब्बर कळलंय. सातही जागी मीच आहे म्हणाल्या. तू ज्या दोस्तांना ऐकवलंस, त्यांच्यापैकी एकाला तरी कळलं का, की आवाज एकच आहे?" तो म्हणाला, "नाही. मग हे कौतुकच झालं ना?" मी म्हटलं, कौतुक करणारं माणूस 'हे आमचं गाणं नाही' असं सांगत नाही. त्याने शुक्रवारची आठवण करून दिली, सगळीकडे तारीख जाहीर झाल्याची आठवण करून दिली, आणि बोलताबोलता तो अडखळला. मी त्याचं वाक्य पुरं करून टाकलं आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर जाणवलं की त्याला वेगळंच काही म्हणायचं असेल. हे मला हल्ली उशिरा जाणवतं, पण जाणवतं.

ऑगस्टपासून जाणवतं. ऑगस्टमध्ये अम्मी गेली. त्याआधी सव्वा वर्ष तिला बोलायला वेळ लागायचा. मेंदूत एक बारीकशी गुठळी झाली होती, हातपाय चालत होते, जेवणखाण चालत होतं, फक्त प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला उशीर लागायचा. अकरा सेकंद. हे मात्र मी मोजलं होतं, आधी डॉक्टरांना सांगायला आणि नंतर चिडून. अकरा सेकंद म्हणजे काही फार नाही, पण अकरा सेकंद कुणाच्या तोंडाकडे बघत बसून पाहावं. चहा घेणार का? एक, दोन, तीन. नको? बरं. टीव्ही लावू का? लावते. पाय दुखतोय का? कालच्यापेक्षा कमी आहे ना, हो, कमीच असणार. मी विचारायचे आणि मीच सांगायचे, आणि तिचं तोंड उत्तरासाठी उघडलेलं तसंच राहायचं, मग मिटायचं. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, मी आम्हा दोघींचं संभाषण एकटीनं चालवायचे, आणि फोनवर मावशीला सांगायचे की अम्मीशी छान गप्पा होतात. लहानपणी हीच बाई, बिलकिस तांबोळी, मला एका विहिरीतल्या परीची गोष्ट सांगायची. त्या परीला हाक मारली की ती लगेच येत नसे. थांबावं लागे. जो घाई करून निघून जाई त्याला काहीच मिळत नसे. मला ती परी आळशी वाटायची आणि मी तसं अम्मीला सांगितलंही होतं. अम्मी हसून म्हणाली होती, आळशी नाही, ती खालून येते, तिला चढायला वेळ लागतो. गेल्या आठ महिन्यांत हे वाक्य मला किती वेळा आठवलं असेल, सांगता येणार नाही. जाण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मी औषध देऊन वळले तेव्हा ती म्हणाली, "अर्शी, वो..." आणि मी म्हटलं, "हां, खिड़की बंद की." खिडकीबद्दल नव्हतं ते. मला तिच्या चेहऱ्यावरूनच तेव्हा कळलं होतं की खिडकीबद्दल नाही, पण मागच्या खोलीत काम अडलं होतं. आता घरात रेडिओ चालू असतो. बाहेर जातानाही चालूच ठेवते, म्हणजे परत येऊन कुलूप उघडलं की आत कुणीतरी बोलत असतं.

मंगळवारी दुपारी मी रेडिओ बंद केला आणि सोजरबाईंचं मूळ रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. कच्चा माल मी कधी पुन्हा ऐकत नाही. साफ झाल्यावर कचऱ्याचा डबा कोण उपसतं? पण पुसलेलाही नव्हता, एवढं नशीब. दार लावलं, हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवले, कारण ते आपोआप कापायला लागतात. आधी नुसतं पाणी. लांबून, लष्कराच्या अकादमीच्या बाजूने, गोळीबाराच्या सरावाचा आवाज, दोन बार, मग एक. आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी बारीक, ठरावीक, टक, टक. मी आवाज वाढवला. बोट होतं. सोजरबाईंचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं, त्या गाण्याचाच ठेका. अठ्ठेचाळीस सेकंद तो चालला, थांबला, एक श्वास आला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पुन्हा अठ्ठेचाळीस सेकंद, आणि मग त्यांचं कडवं. तेही अठ्ठेचाळीसच. कडव्यानंतर पुन्हा ठेका. मी कागद घेतला आणि रेघा ओढत गेले. दोन रिकाम्या, एक भरलेली, चार रिकाम्या. दोन रिकाम्या, एक भरलेली, चार रिकाम्या. सात वेळा. गोणपाटं सात, तिसरं त्यांचं, उरलेली बाकीच्या सहाजणींची. हे त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर अंथरलेलं होतं आणि मी त्यावर बसले होते.

पुढचं सगळं मी त्याच कागदावर खुणा करत ऐकलं. चौथीच्या जागी, ठेका चालू असताना, दर वेळी साधारण मध्यावर, सोजरबाई नाकातल्या नाकात हसत होत्या. सातही वेळा. सहावीच्या जागी त्यांच्या बांगड्या एकदा वाजत, जणू पदर सारखा केला. आणि दुसरीच्या जागी, कुठलीशी बाई तिच्या पाळीला गात असताना, माझ्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग गोळीचा कागद सोलल्याचा, मग सौरभचं कुजबुजणं, दमल्यात का. रागावून मान फिरवावी असं वाटलं, पण तिथे मीच होते. या सहाजणींना मी यंत्रापुढे उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, ह्या म्हणजे गोंगाट, ह्या जिथे दिसतील तिथून काढ. मग त्यांच्या जागांवर सोजरबाईंनाच सात वेळा बसवलं होतं. मला लाज वाटली. साधी, लहानपणीची, दुसऱ्याच्या ताटातलं खाल्ल्यावर वाटते तशी.

बुधवारी सकाळच्या बसने गेले. स्वारगेटपासून खडकवासल्यापर्यंत सगळी बस फोनवर बोलत होती, पुढे उतारू कमी झाले. सोजरबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या, नंदाने पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उंबऱ्यावर टेकली. मी म्हटलं, "आजी, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्ही तेच सातदा म्हणून दाखवताय, आम्ही त्यातलं चांगलं निवडावं म्हणून."

"निवडायला त्यो काय हरभरा हाय?" त्या म्हणाल्या. देठ खुडायचे थांबले नाहीत.

"तुम्ही सांगितलं असतं तर..."

"सांगायचं काय त्यात? सात गोनपाटं टाकली व्हती की. तुमी त्यावर बसला. शिकल्याली मानसं, म्हनलं, काय तरी कारन आसंल."

नंदा तोंड फिरवून हसली. मग सोजरबाईंनीच सांगितलं, तुटक, मिरची पुढ्यात धरून. सात बायका, प्रत्येकीची एक आसरा, प्रत्येकीचं एक कडवं. लग्न होऊन आल्यावर ज्या बाईची जागा मिळेल ती मरेपर्यंत आपली. दुसरीचं कडवं तोंडातून काढायचं नाही. एखादी आजारी असली, माहेरी गेली, मेली, तरी तिच्या पाळीला बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबायचं, मग पुढचीनं उचलायचं. बावीस वर्षांपूर्वी पहिली जागा रिकामी झाली. नऊ वर्षांमागे शेवटची.

"बाकीची कडवी तुम्हाला येतात मग?"

"येत्यात की. साठ वरसं ऐकलीत. पर ती माझी न्हाईत."

"मग नंदाला एखादी जागा..."

"जागा जिची तिनं द्यायची आसती. माझी नंदाला देनार हाय. त्यांच्या त्यांनी कुनाला दिल्या न्हाईत. गडबडीत गेल्या." त्यांनी एक मिरची बाजूला टाकली. "त्यांच्या जागंवर मला बसवलं तुमी, त्ये वंगाळ केलं. कुनी ऐकलं तर म्हनंल, सोजर समद्यांचं बळकावून बसली."

मी पिशवीतून हेडफोन काढले आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवले, पदर सावरून. एक फेरी लावली, पाच मिनिटं छत्तीस सेकंद, काही न काढलेली. मला काही ऐकू येत नव्हतं, मी नुसती त्यांच्याकडे बघत होते. काही वेळ त्या समोर बघत राहिल्या. मग मिरचीचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. त्यांच्या कडव्याला ओठ हलले. त्यानंतर थोड्या वेळाने, मी वाटच बघत होते, त्या नाकातल्या नाकात हसल्या. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गजरी. तिला फुडली वळ कधी आठवायची न्हाई. दर साली. मंग माझ्याकडं बघायची. म्या काय सांगनार, मला बोलायचं न्हाई." हेडफोन काढून त्यांनी ते हातात धरून ठेवले. "ह्ये हाय. ह्ये ठेवा. न्हाईतर काडून टाका समदं."

निघताना त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, कुणी नाही, अम्मी होती, गेली. "मंग बोलता कुनाशी?" मला खोटं सुचलं नाही. रेडिओ लावते म्हटलं. त्या म्हणाल्या, "रेडिवो व्हय. त्यो कुनासाटी थांबतो का?" आणि पुन्हा मिरच्यांना लागल्या. नंदाने कढीपत्त्याची जुडी दिली, ती मी बसमध्ये विसरले.

थांब्यावर बसची वाट बघताना सौरभला फोन केला. सगळं सांगितलं. एक फेरी द्यायची, पुरी, एक कडवं आणि सहा रिकाम्या जागा, नाहीतर ते गाणं अल्बमात नसेल, आणि माझं नावही नसेल. तो म्हणाला, "ताई, पहिलं दीड मिनिट काहीच नाही. लोकांना वाटेल नेट गेलं."

"वाटू दे."

"स्किप करतील हो."

"करतील."

तो बोलायचा थांबला. माझ्याकडे दोनतीन चांगली वाक्यं तयार होती. त्याला कसं सोपं जाईल, तारीख कशी पाळता येईल, सगळं मीच बोलून टाकू शकले असते. मी तोंड मिटून समोरच्या टपरीवरची बिस्किटांची बरणी बघत राहिले. खूप वेळ गेला. फोनमध्ये त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, वेगळ्याच आवाजात, "माझी आजी गेल्या वर्षी मे महिन्यात गेली. तिची एक ओवी होती दळणाची, मी कधी रेकॉर्ड केली नाही. हा सगळा अल्बम त्याच्यासाठीच चाललाय बहुतेक." मला हे ठाऊक नव्हतं. वर्षभर आम्ही रोज बोलत होतो. "ठेवूया तुम्ही म्हणता तसं," तो म्हणाला, "शेवटचा ट्रॅक म्हणून. आणि माझ्या वहीत मी विस्मरण लिहिलंय, ते खोडतो."

घरी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. खालच्या क्लासमधून मुलं बाहेर पडत होती, जिन्यात चपलांचा ढीग होता. कुलूप उघडलं आणि आत काहीच नव्हतं. मंगळवारी बंद केलेला रेडिओ पुन्हा लावायचा राहून गेला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी या घरात अशी आले, आणि मला भीती वाटली, हे कबूल करायला हवं. हात बटणाकडे गेलाच होता. तो मागे घेतला. "अम्मी, मैं आयी," मी म्हटलं. रोज म्हणायचे तसं, चपला काढता काढता. ती आधी, बरी असताना, स्वयंपाकघरातून लगेच विचारायची, कौन, अर्शी? नंतर अकरा सेकंदांनी विचारायची, आणि तोवर मी मागच्या खोलीत पोचलेली असायचे. आज मी पॅसेजमध्येच उभी राहिले. वरच्या मजल्यावर कुणी कुकर लावला होता. नळाला पाणी आलं. अकरा सेकंद झाले. कुणी काही विचारलं नाही, विचारणार नव्हतंच, एवढी मी खुळी नाही. पण ती जागा होती, तेवढी, तिच्या मापाची, आणि मी तिच्यात पाय टाकला नाही.

मग तिच्या खोलीत गेले. पलंग मी देऊन टाकला, खुर्ची आहे. खिडकी बंद होती, ती मी उघडली आणि खुर्चीवर बसले, औषध देताना बसायचे तशी, तिच्याकडे तोंड करून. कितीतरी वेळ ते शब्द तोंडाशी येऊन थांबत होते, आठ महिने थांबलेलेच होते.

"वो क्या, अम्मी?" मी विचारलं, आणि मध्ये काही बोलले नाही.